ऐकलं, वाचलं, पाहिलं : तीन मुलं, एक गाडी आणि संतांची गावं

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन संतांच्या गावांना जायचं, ही कल्पना आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. वय बहात्तर. कित्येक वर्षं आषाढीची वारी पायी केलेली, आता गुडघे साथ देत नाहीत. ‘मला चालवत नाही, पण मुलांना दाखवायचं राहून जायला नको,’ एवढंच ते म्हणाले आणि पाठकोऱ्या कागदावर अकरा गावं लिहून दिली: देहू, आळंदी, नेवासे, आपेगाव, पैठण, गंगाखेड, तेर, अरण, पंढरपूर, गोपाळपूर, मंगळवेढे.

आम्ही पुण्यात राहतो. गाडी सात माणसांची आणि माणसंही नेमकी सात: आबा, आई (माझ्या सासूबाई), नवरा, मी, बारा वर्षांची थोरली, सात वर्षांचा धाकटा आणि जाऊबाईंचा दहा वर्षांचा मुलगा. हाताशी दिवस पाच. प्रत्येकाला प्रवासातून हवं होतं ते वेगळं. आबांना पायांवर डोकं टेकून दर्शन हवं होतं. आईंना गोपाळपूरला जनाबाईचं जातं बघायचं होतं. नवऱ्याला अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा होता. मला वाटत होतं की मुलांनी यातून काही शिकावं, पण काय शिकावं हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. मुलांना फक्त एकत्र गाडीत बसायचं होतं.

अशा प्रवासाची आखणी करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून हे सगळं लिहिते आहे. कुठे चुकलो तेही लिहिते, कारण आमचं सगळ्यात चांगलं घडलेलं एका चुकीतूनच घडलं.

अकरातून सात

पहिलं भांडण यादीवरून झालं. नवऱ्याने नकाशा काढला आणि अकरा गावांना पाच दिवस कसे पुरत नाहीत हे दाखवलं. आबांचं म्हणणं असं की देवळात पाच मिनिटं हात जोडायचे आणि निघायचं, त्याला कितीसा वेळ लागतो? मोठ्यांसाठी ते बरोबरही आहे. आबांना आळंदीत पाच मिनिटं पुरतात, कारण त्यामागे त्यांचं आयुष्यभराचं ऐकणं आहे. मुलाकडे ती शिदोरी नसते. त्याच्या दृष्टीने चप्पल काढायची, रांग, चप्पल घालायची, एवढंच हाती लागतं, आणि चौथ्या गावापर्यंत सगळी देवळं एकसारखी दिसायला लागतात.

शेवटी असं ठरलं. देहू आणि आळंदी पुण्याच्या उशाला आहेत, ती प्रवासात घालायचीच नाहीत, आधीच्या एका रविवारी करायची. गंगाखेड फार आत पडतं, ते सोडायचं. तेरवरून मात्र थोरली रुसली. तेर म्हणजे प्राचीन तगर, तिथे जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे आणि गोरोबाकाकांची समाधीही. पण पैठणहून पंढरपूरला जाताना तेर घेतलं तर तो दिवस फक्त गाडीतच जाणार होता. मी तिला सांगितलं की तेर पुढच्या वेळी, आणि ते तिच्या वहीत माझ्या सहीनिशी लिहून दिलं. मुलांना ‘पुढच्या वेळी’ या शब्दांवर विश्वास बसत नाही, सहीवर बसतो.

तारखाही पंचांग बघूनच ठरवाव्या लागल्या. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला आणि कार्तिकी एकादशी त्यानंतर नऊ दिवसांनी. एकादशीच्या आसपास पंढरपुरात तीन मुलं घेऊन शिरणं आम्हाला झेपलं नसतं. म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघून सप्तमीला परत यायचं ठरवलं. तरी तेव्हा दिंड्या यायला लागल्याच होत्या. ज्यांना जमेल त्यांनी आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चारही यात्रांपासून लांबचे दिवस निवडावेत.

आळंदीचा रविवार

तो रविवार रंगीत तालीम ठरला आणि तालमीतच दोन गोष्टी कळल्या.

एक, बसायची व्यवस्था. धाकट्याला मांडीवर घेते, असं आई म्हणत होत्या. त्यांच्या मायेला नाही म्हणणं अवघड होतं, पण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांची खास सीट लागते, नाहीतर १,००० रुपये दंड. दंड तर आहेच, पण अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल कितीही घट्ट धरलं तरी हातात राहत नाही, हे नवऱ्याने त्यांना शांतपणे समजावलं. धाकट्यासाठी उंच बैठक घेतली आणि ती आईंच्या शेजारी लावली. हात धरून बसायची दोघांची सोय झाली.

दुसरी गोष्ट वहीची. मी प्रत्येक मुलाला एक वही दिली होती. पुतण्या मागच्या रांगेत बसून चालत्या गाडीत लिहायला लागला आणि भोसरी ओलांडेपर्यंत त्याला मळमळायला लागलं. तेव्हापासून नियम झाला की गाडी थांबली तरच वही उघडायची. पुतण्या मधल्या रांगेत आला आणि मागे मी गेले.

वहीत काय लिहायचं हा प्रश्न आळंदीतच सुटला. समाधीचं दर्शन झाल्यावर आबा मुलांना चालत्या भिंतीची गोष्ट सांगत होते: चांगदेव वाघावर बसून आले आणि ज्ञानेश्वर आणि त्यांची तीन भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली. धाकट्याने डोळे विस्फारले. पुतण्या म्हणाला, ‘भिंतीला इंजिन नसतं.’ नवरा हसला. आबांना ते हसणं लागलं, आणि परतताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

त्या रात्री आबा, नवरा आणि मी बसलो. नवऱ्याची श्रद्धा नाही असं नाही, तो देवळात मनापासून हात जोडतो. पण मुलांना चमत्कार इतिहास म्हणून सांगितलेले त्याला चालत नाहीत. आबांना त्या कथा गाळलेल्या चालत नाहीत. दोघांचंही मला पटत होतं. बोलता बोलता वहीच्या पानावर तीन रकाने पडले: ऐकलं, वाचलं, पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेलं ते ‘ऐकलं’मध्ये. लिहिलेलं, कोरलेलं, छापलेलं सापडतं ते ‘वाचलं’मध्ये. आपल्या डोळ्यांनी दिसलं ते ‘पाहिलं’मध्ये. मोठ्यांसाठी एकच अट: आबा गोष्ट सांगत असताना कोणी हसायचं नाही की दुरुस्त करायचं नाही, आणि आबांनीही ‘ऐकलं’मधली गोष्ट ‘वाचलं’मध्ये लिहायला लावायची नाही. आबा लगेच हो म्हणाले. ‘आम्हीही ऐकलेलंच आहे,’ ते म्हणाले, ‘ऐकलेलं खोटं असतं असं थोडंच आहे?’

आळंदीच्या पानावर ‘वाचलं’मध्ये थोरलीने लिहिलं की ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली, वय एकवीस. त्याखाली, ‘माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे.’ धाकट्याच्या ‘पाहिलं’मध्ये इंद्रायणीवरचा पांढरा फेस होता. त्याला आधी तो साबणाचा वाटला. कारखान्यांचं आणि गावोगावचं सांडपाणी नदीत येतं म्हणून असं होतं, हे सांगितल्यावर त्याने आबांना विचारलं, ‘मग माउलींनी थांबवलं का नाही?’ आबा म्हणाले, ‘ते आपल्याला सांगून गेलेत. थांबवायचं आपण आहे.’ प्रवासातलं मला आवडलेलं हे त्यांचं पहिलं उत्तर.

नेवासे आणि पैठण

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला निघालो. अहिल्यानगरजवळ नाश्ता करून अकराच्या सुमाराला नेवाशाला पोहोचलो. प्रत्येक गावाला एकच काम, असं मी ठरवून ठेवलं होतं, जे मुलांनी हातापायांनी करायचं. नेवाशाचं काम लिहिण्याचं होतं.

प्रवरेकाठच्या त्या मंदिरात पैसाचा खांब आहे. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली अशी परंपरा आहे. खांबावर जुना शिलालेखही कोरलेला आहे. पुतण्याने तो हाताने चाचपला आणि ‘वाचलं’मध्ये लिहिलं: ‘अक्षरं आहेत, पण मला वाचता आली नाहीत.’ मला ते फार प्रामाणिक वाटलं. ग्रंथाच्या शेवटी शके १२१२ असं साल दिलेलं आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, एवढं सांगून थांबले. थोरलीने वहीच्या कोपऱ्यात बेरीज करून १२९० काढलं.

मग बाहेर झाडाखाली बसलो. आबांनी पसायदान म्हणायला सुरुवात केली, एक ओळ आणि मग थांबा. तिघांनी लिहून घ्यायचं, पुस्तक न बघता. तिघांनाही पसायदान शाळेतल्या प्रार्थनेमुळे पाठ होतं. पाठ असलेलं लिहायला किती अवघड जातं ते त्या दिवशी त्यांना कळलं. ‘आता विश्वात्मकें’ लिहिताना धाकट्याचं जोडाक्षर अडलं, पुतण्याने दोन शब्द आपल्या मनाचे घातले. तिघांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर एकसारखी ओळ क्वचितच सापडत होती. ‘नऊ हजार ओव्या अशाच लिहून घेतल्या?’ थोरलीने विचारलं. हो, आणि मग त्यावरून दुसऱ्याने उतरवून घेतल्या, त्यावरून तिसऱ्याने. ‘मग चुका झाल्या असतील.’ झाल्याच. त्या निस्तरल्या कोणी, ते उद्या पैठणला, असं म्हणून मी वही मिटायला लावली. मुलांना पुढच्या गावाची ओढ लागते ती अशा अर्ध्या सोडलेल्या प्रश्नामुळे. त्यासाठी गावांचा क्रम जुळवून घेणं मला गाडी, मुक्काम आणि खाण्यापिण्याच्या तयारीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

उत्तर अर्थात एकनाथांचं. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. मधे जवळजवळ तीनशे वर्षं गेलेली. पैठणला नाथांच्या वाड्यात उभं राहून थोरलीने ही दोन सालं एकमेकांतून वजा केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं, त्यासाठी मी हा सगळा प्रवास पुन्हा करीन.

पैठणचं काम पाण्याचं होतं. नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाने देवाने बारा वर्षं पाणी भरलं अशी कथा आहे आणि तो रांजण वाड्यात दाखवतात. मुलांनी गोदावरीच्या घाटापासून वाड्यापर्यंत पावलं मोजत यायचं, हातात पाण्याने भरलेली बाटली धरून. दोघांचे आकडे वेगळे आले, धाकट्याने मोजणं मधेच सोडून दिलं आणि बाटली मला दिली. ‘बारा वर्षं रोज?’ एवढंच तो म्हणाला. पुतण्याला मात्र जायकवाडी जास्त भावलं. गोदावरीवरचं हे धरण १९७६ साली पूर्ण झालं, मातीचा बांध सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७, आणि मागच्या पाण्याचं नाव नाथसागर. आम्ही ते लांबूनच पाहिलं. आपेगावला, ज्ञानेश्वरांच्या जन्मगावी, दुपारी जाऊन आलो. तिथे मुलं दमलेली होती आणि मीही काही काम दिलं नव्हतं. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

सांगायचं आहे ते नागघाटाबद्दल. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवला ती जागा म्हणून हा घाट दाखवतात. आबांनी कथा सांगितली. नवरा नदीकडे बघत उभा राहिला, दिलेला शब्द त्याने पाळला. पुतण्याने विचारलंच, ‘रेडा खरंच बोलला?’

‘आम्ही असं ऐकत आलोय,’ आबा म्हणाले.

पुतण्याने ते ‘ऐकलं’मध्ये लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं: ‘काकू, मग वाचलंमध्ये काय?’ मी सांगितलं की संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेल्या माणसाची मुलं म्हणून या चौघांना वाळीत टाकलं होतं, आणि शुद्धिपत्र, म्हणजे पुन्हा समाजात घेतल्याचं पत्र, मागायला ती इथल्या पंडितांकडे आली होती.

‘पण मुलांनी काय केलं होतं?’ हा प्रश्न धाकट्याचा.

आम्ही मोठी माणसं दोन आठवडे रेडा बोलला की नाही यावर अडलो होतो. मुलांना रेड्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. आपल्याएवढ्या मुलांना, त्यांचा काही दोष नसताना, गावाने बाहेर का ठेवलं हे त्यांना कळत नव्हतं. आबांनी गोलमाल उत्तर दिलं नाही. ‘काही केलं नव्हतं,’ ते म्हणाले. ‘शास्त्र जाणणारी माणसं होती, तरी चुकली.’ तिथेच मला कळलं की या प्रवासातून मुलांना काय मिळावं असं मला वाटत होतं. संतांच्या कथेत जिथे जखम आहे तिथून आपण मुलांना घाईघाईने पुढे नेतो, चमत्कारापाशी थांबवतो. मुलं मात्र जखमेपाशीच थांबतात.

तिसऱ्या दिवसाची चूक

पैठणहून पंढरपूर, बीड आणि बार्शीवरून. फोन साडेपाच तास दाखवत होता. आम्ही सात वाजता निघून दुपारी अरणला सावता महाराजांच्या समाधीपाशी थांबायचं आणि संध्याकाळी पंढरपुरात दर्शन घ्यायचं, असं आखलं होतं.

आबांना निघण्याआधी पुन्हा एकदा नाथांच्या समाधीवर जायचं होतं, त्यात निघायला साडेनऊ झाले. पुतण्याला बीडच्या अलीकडे दोनदा उलटी झाली. आईंना दर दीड तासाने उतरून पाय मोकळे करावे लागत. जेवणाला तास गेला. एवढं सगळं नकाशाला ठाऊक नसतं. शिवाय गळीत हंगाम सुरू होत होता, बार्शीच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर रस्त्याला लागले. दोन-दोन ट्रॉल्या, पाठीमागे दिवा नाही, आणि अंधार पडायला लागलेला. नवऱ्याने गाडी अगदी सावकाश घेतली. पंढरपुरात भक्तनिवासाच्या दाराशी पोहोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. अरण हुकलं, दर्शन हुकलं, धाकटा झोपेत रडत होता, आणि आबा सकाळच्या उशिराबद्दल स्वतःला दोष देत होते.

यातून जे शिकलो ते व्यवहारी आहे. मुलं आणि ज्येष्ठ दोन्ही बरोबर असतील तर फोनवरच्या वेळेत निम्मी भर घालावी. एका दिवशी चार-पाच तासांपेक्षा जास्त गाडीत बसवू नये. दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठावा, विशेषतः ऊसपट्ट्यात, नोव्हेंबरपासून. आम्ही बार्शीला मुक्काम धरला असता तर तेरही पदरात पडलं असतं.

आधी मंगळवेढे, मग महाद्वार

चौथ्या दिवशी सकाळी चौकशी केली तर रांग लांब होती. आखणीप्रमाणे सकाळी पंढरपूर आणि दुपारी मंगळवेढे होतं. आम्ही उलटं केलं, निव्वळ नाइलाजाने. मंगळवेढे तिथून तासाभराच्या आत आहे.

मंगळवेढे म्हणजे काळी जमीन आणि ज्वारी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उगवून आलेली होती. दामाजीपंतांची कथा सांगायला याहून चांगली जागा नाही. बहामनी राजवटीतला हा अधिकारी, दुष्काळात सरकारी कोठारं उघडून त्याने लोकांना धान्य वाटलं. पुढे विठोबाच विठू महाराच्या रूपाने बीदरला जाऊन पैसे भरून आला, असं ऐकत आलो आहोत. कान्होपात्राही इथलीच. तिची कथा मी फक्त थोरलीला, बाजूला घेऊन, सांगितली. बारा वर्षांची मुलगी ती कथा समजू शकते, आणि तिच्या वयाला ती कळायलाही हवी. सात वर्षांच्या मुलाला नको. सगळ्यांना सगळं एकदम सांगायची सक्ती नसते.

मग चोखोबा. महार समाजातला हा संत मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करत असताना १३३८ साली भिंत कोसळून तिच्याखाली गेला. नामदेव इथे आले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं त्या चोखोबांच्या म्हणून ओळखून पंढरपूरला घेऊन गेले, असं ऐकत आलो आहोत. आबा हे सांगत असताना पुतण्याने विचारलं, ‘कुठल्या रस्त्याने नेल्या?’ रस्ता कुठला ते आबांना सांगता आलं नाही, पण गाव तेच होतं जिथे आम्ही आता परत निघालो होतो. गाडीत मुलं एरवीसारखी भांडली नाहीत. ती काहीतरी पोहोचवायला निघाल्यासारखी बसली होती.

पंढरपुरात महाद्वारापाशी नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर, देवळाबाहेर, चोखोबांची समाधी. आबा नेहमीप्रमाणे आधी तिथे वाकले. धाकट्याने पायरीवर पाय ठेवायचा नाही हे लगेच शिकून घेतलं. पुतण्या समाधीकडून दाराकडे आणि दाराकडून समाधीकडे बघत होता.

‘मग आत कधी नेलं त्यांना?’

‘आत नाही नेलं. त्यांना आत जाऊ देत नव्हते.’

‘विठोबा तर त्यांचा मित्र होता ना?’

थोरलीने गाडीत बसल्याबसल्या सानेगुरुजींबद्दल वाचून ठेवलं होतं, तिने ते सांगितलं. मे १९४७ मध्ये इथेच, हे देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून, गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं आणि मग ते खुलं झालं. पुतण्याने वजाबाकी केली. सहाशे नऊ. त्याने आकडा मोठ्याने म्हटला आणि आबांकडे बघितलं. आबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘माझे वडील सांगायचे, तेव्हा गावोगावी यावरून घरं फुटली होती. आपल्या घरातलेही काही जण चुकीच्या बाजूला होते.’ हे मी लग्नानंतरच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. नवऱ्यानेही.

आखणीप्रमाणे झालं असतं तर मुलांनी सकाळी घाईत पायरी आणि समाधी बघितली असती, आणि मंगळवेढ्याला भिंतीची गोष्ट नंतर ऐकली असती. अस्थींच्या मागोमाग येण्यात जे होतं ते तेव्हा राहिलं नसतं. म्हणून सुचवते: चोखोबांच्या वाटेने जायचं तर आधी मंगळवेढे, मग महाद्वार.

दर्शनाचे दोन भाग केले. पदस्पर्शाच्या रांगेत मुलांना उभं करायचं नाही, हे मी निघण्याआधीच ठरवलं होतं. तासन्‌तास उभं राहून मुलाच्या लक्षात फक्त पाय दुखणं राहतं. मुलं, आई आणि मी संध्याकाळी मुखदर्शन घेऊन आलो. यात्रेच्या दिवसांत देवाचा पलंग काढतात आणि देव अहोरात्र उभा असतो, हे आईंनी सांगितल्यावर धाकट्याला रात्रभर विठोबाच्या झोपेची काळजी होती. आबा आणि नवरा पहाटे तीनला रांगेत गेले. नवऱ्याने आबांसाठी घडीचं स्टूल बरोबर घेतलं. दोघं एवढा वेळ एकमेकांशी कधी बोलले होते कोण जाणे. परत आले तेव्हा नवऱ्याच्या कपाळाला बुक्का होता.

मुलांना अंघोळीला चंद्रभागेत उतरवलं नाही. उजनीतून सोडलेल्या पाण्यावर नदीची पातळी बदलते आणि वाळवंटात खोल जागा कुठे असेल ते सांगता येत नाही. पायरीवर बसून पाय भिजवले. निघताना गोपाळपूरला जाऊन आलो. तिथे जनाबाईचं जातं दाखवतात. आईंनी लहानपणी पहाटे आईबरोबर दळलेलं आहे. खुंट्याला हात न लावता त्यांनी हवेतच हात फिरवून मुलांना दाखवलं, दोघींनी समोरासमोर बसून कसं ओढायचं ते, आणि हळू आवाजात दोन ओव्या म्हटल्या. थोरली त्यांच्या समोर बसली आणि तिनेही हात फिरवायला सुरुवात केली. पाच दिवस आबांच्या गोष्टी ऐकणाऱ्या घोळक्यात आई शांत होत्या. त्या पंधरा मिनिटांत सगळे त्यांच्याकडे बघत होते.

परतीची वाट

हुकलेलं अरण परतीच्या वाटेवर घेता आलं. मोडनिंबजवळचं हे गाव. सावता महाराज मळ्यात राबत राहिले, पंढरपूरला गेले नाहीत, विठोबाच त्यांच्या भेटीला आला, असं ऐकत आलो आहोत. समाधीपाशी फार माणसं नव्हती. मुलांनी गाडीतून उतरताना न सांगता वह्या घेतल्या होत्या.

आबांच्या पायाशी बसून धाकट्याने विचारलं, ‘आबा, विठोबाचे पाय कसे होते?’

‘गार होते,’ आबा म्हणाले.

धाकट्याने पेन्सिल उचलली आणि थांबला. ‘हे मी ऐकलंमध्ये लिहू? तुम्ही तर हात लावलाय.’ थोरलीने त्याची वही ओढून घेतली, पट्टीने चौथी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘आबांनी पाहिलं.’ मग त्या रकान्यात त्याने मोठ्या अक्षरांत ‘गार’ लिहिलं.

पुण्यात शिरताना मीटरवर आठशेच्या आसपास किलोमीटर झाले होते. पुतण्याला त्याच्या घरी सोडलं. उतरताना त्याने विचारलं, तेरला जायच्या गाडीत त्याची मधल्या रांगेतली जागा धरून ठेवाल ना, आणि तेही वहीत सही करून घेतलं.